बाबा गेले, आणि आता काका माफी मागायला येणार आहेत

पूर्णाकाठ

आमचं गाव अचलपूर तालुक्यातलं. गावात ख्रिस्ती घरं थोडी, त्यातली दोन आमचीच. एक बाबांचं, एक धाकट्या काकांचं. मधे एकच भिंत आहे, पण माझ्या लग्नाच्या आधीपासून दोन घरांत बोलणं नाही. चर्चमध्ये बाबा पुढच्या रांगेत बसायचे, काका दाराजवळ. प्रभूभोजनाच्या रविवारी काका मधेच उठून जायचे.

कारण धुरा, म्हणजे शेताचा बांध. आजोबांनी वाटणी केली तेव्हा दोन शेतांच्या मधे काळा गोटा रोवला होता. काका दरवर्षी वखरताना एखादं तास आमच्या बाजूला घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, बैल ओढतात तिकडं. मग एका उन्हाळ्यात गोटाच दिसेनासा झाला. पंच बसले, पटवारी येऊन गेला, ठाण्यात दोन्हीकडून तक्रारी झाल्या. जमीन गेली ती गेलीच, बाबांची झोपही गेली.

बाबा या दिवाळीनंतर, तुरीला शेंगा धरत होत्या त्या दिवसांत, झोपेतच गेले. काका मयतीला आले, पण कबरस्तानाच्या फाटकाशीच थांबले. सगळ्यांनी माती दिली, ते आत आले नाहीत. आणि आता पाळक साहेबांकडून निरोप आलाय: ईस्टरच्या आधी घरी येऊन माफी मागायची आहे.

आई म्हणते, "ज्याची मागायची तो मातीत गेला. मी कोण देणारी?" धाकटा भाऊ म्हणतो, आधी जमीन सोडा, मग बोलू.

मला विचारायचंय ते हे. मेलेल्या माणसाच्या वतीनं कोणी क्षमा करू शकतं का? आणि दुसरं, आम्ही दर ईस्टरला, म्हणजे पुनरुत्थानदिनी, पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात उभे राहतो, प्रभू उठला आहे म्हणतो. त्याचा या भांडणाशी काही संबंध लागतो का? "जाऊ द्या, विसरा" असं कृपया लिहू नका. ते सांगणारे गावात भरपूर आहेत.

खारपाणपट्टा

ताई, वाचून लय वाईट वाटलं. आमच्या घरी बी धुऱ्याचंच होतं. तुमचा भाऊ जे म्हनून राह्यला ते चुकीचं नाही. माफी मांगाले येनाऱ्यानं रिकाम्या हातानं येऊ नये.

मी तं माळकरी घरातला मानूस, चर्चचं मले काही समजत नाही. पन एक इचारतो. आमच्या गाडगेबाबाले कीर्तनात पोरगा गेल्याची खबर आली, तरी त्यायनं कीर्तन थांबवलं नाही. असे कोट्यानकोटी गेले, एकासाठी काय रडू म्हनले. शेंडगावचा मानूस, तुमच्या अंजनगावाकडचा. आमाले लहानपनापासून हेच सांगितलं का मरनाले भ्याचं नाही. तुमी लोक म्हनता का येशूनं मरनाले हारवलं. मंग मयतीत तुमी बी आमच्यावानीच रडता, ते काऊन?

आन् केलेलं फेडाच लागते असं आमची माय म्हने. माफ केलं तं ते केलेलं जाते कोठी? वाद म्हनून नाही, खरंच समजून घ्याचं हाये.

दारव्हा रोड

ताई, माझे वडील पाळक होते. यवतमाळची सेमिनरी पुण्याला हलली १९८३ मध्ये, त्याच्या आधी ते तिथं शिकले. धुऱ्याची भांडणं घेऊन लोक आमच्या घरी रात्रीबेरात्री यायचे, त्यामुळे यावर घरात पुष्कळ बोलणं व्हायचं. आधी तुमच्या भावाची बाजू घेतो.

बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात सरळ आज्ञा आहे: पूर्वजांनी घातलेली शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवू नको. पुढे २७ व्या अध्यायात मेर सरकवणाऱ्याला शाप आहे आणि सगळ्या लोकांनी त्याला आमेन म्हणायचं आहे. म्हणजे तुमच्या बाबांची झोप ज्यानं गेली ते देवाच्या लेखी क्षुल्लक नव्हतं. क्षमा म्हणजे "काही झालंच नाही" असं म्हणणं नव्हे. काही झालं नसेल तर क्षमा कशाची करायची?

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला दाखला सगळ्यांना पाठ असतो. राजा एका चाकराचं दहा हजार तलांतांचं कर्ज सोडतो आणि तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, आणि एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. गुणाकार केला तर पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं होतं. कोणीही फेडू शकणार नाही असं. पण उपदेशात बहुतेक वेळा दुसरा आकडा घाईनं मागे टाकतात. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे चिल्लर नाही. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बाईला विचारा. येशू असं म्हणत नाही की तुझं नुकसान लहान आहे. तो म्हणतो, तुझं खरंच नुकसान झालंय, आणि तरीही तू स्वतः कुठल्या कर्जातून सुटलास ते आठव.

खारपाणपट्टा भाऊ, तुमच्या माउलीचा प्रश्न मोलाचा आहे. केलेलं कुठं जातं? आमचा विश्वास असा की ते हवेत विरत नाही. ज्याचं येणं असतं तोच ते आपल्या अंगावर घेतो. राजानं कर्ज सोडलं तेव्हा तोटा राजाच्या खजिन्याला झाला. वधस्तंभावर हेच घडलं असं आम्ही मानतो: फेडावं लागतंच, पण ते देवानं स्वतः फेडलं. "हे बापा, त्यांना क्षमा कर" हे शब्द खिळे ठोकलेल्या माणसाचे आहेत, सावलीत बसून दुसऱ्याला सल्ला देणाऱ्याचे नाहीत.

रात्रपाळी

थोडं कडू लिहिते, राग मानू नका. आमच्याकडे क्षमेचा उपदेश नेहमी ज्याचं गेलं त्यालाच होतो. नवरा मारतो, बाईनं क्षमा करावी. भाऊ जमीन खातो, विधवेनं क्षमा करावी. ज्यानं केलं त्याला कोणी सांगत नाही. ताईंच्या आईवर आता सगळी मंडळी दबाव आणणार की ईस्टर आला, मन मोठं करा. माफी मागणाऱ्याला मोकळं वाटतं आणि जिचा माणूस गेला ती मात्र पुन्हा एकदा द्यायलाच बसते.

दारव्हा रोड

रात्रपाळी ताई, राग कसला. तुम्ही म्हणता ते डोळ्यांनी पाहिलंय.

लूकच्या १७ व्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: भावानं अपराध केला तर त्याला दटाव, त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दटावणं आधी आहे. जक्कयाच्या घरी येशू जेवायला गेला तेव्हा तो जकातदार उभा राहून म्हणाला, कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. येशूनं "अरे राहू दे" म्हटलं नाही. त्या घराला आज तारण मिळालं म्हणाला.

आणि क्षमा केली म्हणून कायदा थांबत नाही. मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि तिमथी, यांना ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये गाडीत जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारणाऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. खटला त्याच्या वाटेनं चालला, शिक्षा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. बाईंनी सूड सोडला होता. न्याय सोडा असं त्या कोणाला म्हणाल्या नव्हत्या. आईंवर कोणी दबाव आणत असेल तर मुलांनी दारातच उभं राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वऱ्हाडातली सिस्टर

मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त आहे. मरणं खूप पाहिली, म्हणून खारपाणपट्टा दादांच्या रडण्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं.

गाडगेबाबांबद्दल मला फार आदर आहे. पण आमच्या शुभवर्तमानात एक ओळ आहे, योहान ११ मधली: येशू रडला. लाजार मरून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरिया, दोघी बहिणी, "प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता" म्हणतात. येशूला ठाऊक आहे की थोड्याच वेळात तो लाजाराला हाक मारून कबरेतून बाहेर काढणार आहे. तरी तो रडतो. उत्तर माहीत असलेला माणूस रडतो. म्हणून आम्ही मयतीत रडतो तेव्हा तो अविश्वास नसतो. मरण हा शत्रूच आहे, आमचं शास्त्र त्याला कुठंही मित्र म्हणत नाही. प्रेषित पौल त्याला शेवटचा शत्रू म्हणतो. फक्त त्याचा शेवट ठरलेला आहे.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आमच्याकडे प्रत्येक कबरेपाशी वाचतात. "अरे मरणा, तुझा विजय कोठे? अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" पुढची ओळ मात्र कोणी थांबून ऐकत नाही: मरणाची नांगी पाप आहे. तुरीच्या पेंढ्या उचलताना विंचू निघतो तेव्हा आपण त्याच्या नांगीला भितो. तसं मरणात टोचणारं जे आहे ते हे: केलेलं, राहिलेलं, न बोललेलं. मी खाटेशी बसून हेच ऐकलंय. शेवटच्या दिवसांत माणसं मरणाची भीती वाटते असं फारसं म्हणत नाहीत. भावाला बोलवा म्हणतात. मुलीला फोन लावा म्हणतात. एका म्हाताऱ्या बाबांनी तर ज्याच्याशी बोलणं नव्हतं त्या शेजाऱ्याला भेटल्याशिवाय पाणी घेतलं नाही, आणि तो आल्यावर दोघांनी जमिनीचं नावही काढलं नाही, बैलांबद्दलच बोलत बसले.

त्याच अध्यायात पौल म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. ताई, तुम्ही संबंध विचारलात, तो इथंच आहे. क्षमा आणि पुनरुत्थान या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आता तुमचा पहिला प्रश्न, मेलेल्याच्या वतीनं क्षमा. मला वाटतं आपण तो बंद कबरेसमोर उभं राहून विचारतो, आणि बंद कबरेसमोर त्याला उत्तर नाही. आईंचं खरं आहे, बाबांवर झालेला अन्याय माफ करणाऱ्या त्या कोण? पण ईस्टरच्या दिवशी काय झालं ते पाहा. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला होता तो स्वतः परत आला. दारं लावून बसलेल्या शिष्यांमध्ये उभा राहिला. त्यातले जवळजवळ सगळे त्याला टाकून पळाले होते. त्याचा पहिला शब्द "तुम्हांस शांती असो." मग हात आणि कूस दाखवली. जखमा तशाच होत्या. थोमाला तर पुढच्या आठवड्यात त्यात बोट घालायला सांगितलं. म्हणजे उठलेल्या देहावरही घाव राहिले, पुसले गेले नाहीत. आणि त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत त्यानं पापांच्या क्षमेचं काम शिष्यांच्या हाती दिलं. वेगळा दिवसही घेतला नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं तर आणखी. मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत त्यानं येशूला तीनदा नाकारलं होतं. योहान २१ मध्ये सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी भाजतेय, आणि येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय. वाटायलाच हवं होतं. पण आधी जेवायला घातलं, मग विचारलं.

मृत माणूस संपला असेल तर काकांची माफी कायमची अडकली. तो प्रभूपाशी जिवंत असेल तर बाबांचा हक्क बाबांपाशीच आहे, आणि तो त्यांना वापरता येईल. आईंनी स्वतःपुरतं बघावं.

संत्राबाग

वरुडकडचा कॅथलिक आहे मी. सिस्टरताईंनी छान लिहिलंय, पण आमच्याकडे थोडं पुढे जातात. २ नोव्हेंबरला आम्ही कबरी धुऊन, फुलं वाहून मृतांसाठी प्रार्थना करतो, वर्षभर त्यांच्या नावानं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अर्पण करतो. काका बाबांच्या कबरेवर जाऊन बोलले, प्रार्थना केली, तर ती वाया जाईल असं आम्ही म्हणणार नाही. शिवाय पापनिवेदनात फादर फक्त मोकळं करून पाठवत नाहीत. चोरलेलं असेल तर परत करायला सांगतात. धुऱ्याची जमीन त्यातच आली.

दारव्हा रोड

संत्राबाग, इथं आपला मतभेद आहे आणि तो जुना आहे. आम्ही मृतांसाठी प्रार्थना करत नाही, त्यांना प्रभूच्या हाती सोपवून मोकळे होतो. पण काकांनी कबरेपाशी जावं, यात माझी काही हरकत नाही. फाटकाशी थांबलेला माणूस आत तरी येईल.

टाकळघाट

थोडं बाजूचं, पण आमच्या भागातलं. नागपूरजवळ टाकळघाट, जुनापाणी इथं दगडांची मोठी वर्तुळं आहेत. ती लोहयुगातल्या लोकांची दफनं. खोदकामात मृतांसोबत ठेवलेली भांडी, लोखंडी हत्यारं सापडतात. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं नागपूरचं कॉलेज आहे, ते मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले आणि या वर्तुळांचा अभ्यास करायचे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटहून रात्री परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. थडगी पाहून परतणारा माणूस, आणि परत आला तो नुसता घोडा.

मला त्या वर्तुळांत उभं राहिलं की वाटतं, या मातीतल्या माणसानं आपल्या माणसाला कधीही नुसतं टाकून दिलं नाही. सोबत काही तरी दिलंच. हिस्लॉपसाहेबांना काहीच सोबत नेता आलं नाही, आणि ते ज्या आशेवर इतक्या लांब आले होते तिला काही सोबत न्यायची गरजही नव्हती.

खारपाणपट्टा

सिस्टरबाई, तुमचं वाचून बायकोले बी वाचून दाखवलं. उत्तर माहीत असलेला मानूस रडते, हे मले पटलं. गाडगेबाबा बी आतून रडलेच असतीन, लोकायसाठी उभे राह्यले. आमचं आन् तुमचं सगळं जुळत नाही, पन बैलाचं बोलत बसले ते दोघं, ते मले समजते. आमचे दोन बुढे बी तसेच समेटले होते.

रात्रपाळी

सिस्टर, एक शंका राहते. बाबा प्रभूपाशी जिवंत आहेत आणि क्षमा करतील, हे आपण कशावरून धरून चालतो? कदाचित नाही करणार.

वऱ्हाडातली सिस्टर

बाबांच्या मनातलं मी सांगू शकत नाही, बाई. मी ख्रिस्ती मंडळीचा पहिला हुतात्मा स्तेफन, त्याच्याकडे बघते. त्याला दगडमार करताना मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवली होती, आणि त्या वधाला शौलाची संमती होती. स्तेफन गुडघे टेकून म्हणाला, प्रभू, हे पाप त्यांच्याकडे मोजू नको, आणि गेला. तोच शौल पुढे पौल झाला, पुनरुत्थानाचा अध्याय त्यानंच लिहिला. या पृथ्वीवर पौलाला स्तेफनाची माफी कधी मागता आली नाही. माझा विश्वास आहे की ते दोघं भेटले. ज्याच्यासमोर भेटले त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत, आणि तिथं धुरा धरून बसणं कोणाला जमेल असं मला वाटत नाही. बाबांना वेळ लागला तर लागू दे. तिथं वेळ आहे.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. रोज रात्री वाचत होते, लिहायला आज जमलं.

आईला सिस्टरताईंचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "माझ्या दारावरून इतकी वर्षं मान फिरवून गेला, ते मी माझं सोडते. यांचं यांनी पाहावं. भेटतीलच ना दोघं भाऊ." मग म्हणाली, चहा मात्र मीच करीन, तुम्ही कोणी मधे येऊ नका.

दारव्हा रोड दादा, तुमचं जक्कयाचं मी पाळक साहेबांना सांगितलं, त्यांनी काकांना. काकांनी उत्तर पाठवलंय की मोजणीच्या अर्जावर ते सही करतील, फी अर्धी भरतील आणि निघेल तिथं गोटा रोवू देतील. भावाचा अजून विश्वास बसत नाही. बसायला पाहिजे असा मी आग्रहही धरत नाही. तो घरी असेन म्हणालाय, एवढं पुरे.

उत्तम शुक्रवारच्या आधल्या संध्याकाळी येणार आहेत. पाळक साहेब म्हणाले, छोटीशी प्रार्थना आणि एक वाचन ठेवू. कोणतं ठेवावं? मला उत्पत्तीचा ५० वा अध्याय सुचत होता, बाप मेल्यावर योसेफाचे भाऊ घाबरून येतात तो.

दारव्हा रोड

योसेफाचा चांगला आहे, पण त्यात भाऊ त्याच्या पाया पडतात. काकांना आधीच खाली मान घालून यायचंय, त्यांच्यासमोर तो नको. योहान २१ घ्या, पहिल्या १९ ओव्या. चहा आधी, वाचन नंतर, त्यात आहे तसंच. आणि वाचायला काकांना सांगा.

खारपाणपट्टा

ताई, मोजनीची नोटीस आली का लगतच्या सगळ्या खातेदारायले बी त्या दिवशी हजर ठेवा, नाहीतं मंग कोणी म्हनते आमाले माहीतच नोतं. आन् गोटा रोवताना भावाले आन् काकाले दोघायले हात लावाले सांगा.